दोन तुकान

एगोन द्रेस्लरला माणसांशी वागायचं कळत नाही, हे देओलिंदाबाईचं मत जुनंच होतं. शुक्रवारी त्याने ते पक्कं केलं.

तिच्या नातीला त्याने केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाला नाही. दोन कारकून बघत असताना तिच्याकडून कंप्युटरच्या खोलीची किल्ली काढून घेतली, आणि "सोमवारी संचालक मंडळ तुला काढेल, मग पोलीस बघतील," एवढं बोलून कागदात डोकं घातलं. वर संध्याकाळी घरी जाताना देओलिंदाबाईच्या टपरीसमोरून गाडी नेली ती काच वर करून.

"पोट बिघडलं की बरी देओलिंदा आठवते," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या हातचा कुटलेला औषधी पाला प्यायलाय हा मॅनेजर. आणि माझ्या नातीला गुन्हेगार ठरवलं की काच वर."

समोर तिची भाची निमिया ओवेलार बसली होती. निमिया एन्कार्नासिओन शहरात खाजगी तपासाची कामं करायची. त्याआधी विमा कंपनीत होती, जळालेल्या गाड्या आपोआप जळाल्या की कुणी जाळल्या ते शोधत. शनिवारी पहिल्या बसने आली, चिपाचा, म्हणजे चीजच्या पावाचा, तुकडा हातात धरला आणि ऐकत राहिली. भाचीची ही सवय देओलिंदाबाईला मुळीच आवडत नसे. माणसाने निदान हुंकार द्यावा.

टपरी यर्बा या चहासारख्या पाल्याच्या उत्पादकांच्या सहकारी सोसायटीच्या गेटासमोर होती. हंगाम चालू होता. हिरव्या पाल्याने भरलेले ट्रक वजनकाट्यापुढे रांगेत उभे होते, आणि ट्रकवाल्यांना तेरेरेला, म्हणजे यर्बावर ओतून नळीने ओढायच्या गार पाण्यात, घालायला पुदिना हवा होता.

"गुरुवारी तर मेल्यांनी दुपारीच सगळा पुदिना संपवला," देओलिंदाबाई उखळात मुसळ आपटत म्हणाली. "सोसायटीतल्या माणसांना पाण्याचा पहिला जग पुदिन्याचा दिला, दुसऱ्यात कार्केहाचा पाला कुटून घातला. कडू असतो, पण यकृत धुऊन निघतं. कुणाला किंमत आहे?"

"लिदुविना कुठंय?" निमियाने विचारलं.

लिदुविना मागच्या खोलीत होती. चोवीस वर्षांची, आजीसारखीच ताठ मानेची, पण दोन दिवसांत मान जरा खाली आलेली. सोसायटीतलं कंप्युटरचं काम तिने एकटीने उभं केलं होतं. ही नोकरी असा डाग लागून गेली तर या पट्ट्यात तिला कुणी मशीनला हात लावू देणार नव्हतं.

"काय झालं ते सरळ सांग," निमिया म्हणाली.

"गुरुवारी नवे-जुने सगळे टॅब घेऊन बसलो होतो. प्रत्येकाची सिस्टिम पुसून नवी टाकायची. टॅबला नेटवर्कची वायर लावायला भोकच नसतं, म्हणून मध्ये अ‍ॅडाप्टर लागतो. बोटाएवढा. ते सोसायटीने तीनच घेतले. एकाला लाल दोरा बांधलाय, एकाला पांढरा, एकाला निळा. टॅब ढीगभर, म्हणून आळीपाळीने वापरायचे."

"तेरेरेसारखं," देओलिंदाबाई म्हणाली. "तोंडं दहा, नळी एक."

"तसंच, आजी. आणि तेरेरेत ग्वाम्पा, तो एकच पेला, प्रत्येक वेळी ओतणाऱ्याच्या हातात परत येतो ना, तसा अ‍ॅडाप्टर माझ्या हातात परत यायचा. मी सर्व्हरवर त्याची आधीची नोंद पुसायची आणि मग पुढच्याला द्यायचा."

"सिस्टिम टाकायला अवघड आहे का?"

"छे. टॅबला अ‍ॅडाप्टर, अ‍ॅडाप्टरला वायर, बटण दाबून धरायचं. बाकी सर्व्हर करतो. म्हणून तर मदतीला पेर्ला आणि आतिलिओ चालले."

पेर्ला वजनकाट्यावरची. आतिलिओ गोदामाचा प्रमुख.

"जेवणाच्या सुट्टीत?"

"दोन अ‍ॅडाप्टर मी स्वतः खणात ठेवले, नोंदी पुसून. निळा पेर्लाने ठेवला, असं ती म्हणाली. खण आपोआप बंद होतो, किल्ली माझ्याकडे. खोलीचं दार मात्र उघडं होतं. एसी बंद पडलाय, सर्व्हर तापतो. मी घरी येऊन झोपले. परत गेले तर तेओदोलिनो आपला टॅब हातात घेऊन उभा. आतलं सगळं साफ."

तेओदोलिनो मालाची तपासणी करायचा. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की गेल्या वर्षीचा बुरसटलेला पाला यंदाच्या पोत्यांत भरलाय, त्याचे फोटो आपल्या टॅबमध्ये आहेत आणि ते सोमवारी मंडळापुढे जाणार. मग टॅब कंप्युटरच्या खोलीत चार्जिंगला लावून तो झोपायला गेला.

"तुला सर्व्हरवरच्या नोंदी दाखवल्या का?"

"नाही. साहेब म्हणाले, तू नोंद खोटी केलीस. कुठली, ते सांगितलं नाही. किल्लीच घेतली."

निमियाने चिपा संपवला. "चल मावशी," ती म्हणाली.

शनिवारीही द्रेस्लर केबिनमध्ये होता. उंच, गोरा, कपाळावर कायम घाम. देओलिंदाबाईला बघून उठला आणि का उठलो हे न कळल्यासारखा परत बसला.

"नोंदी बघायच्या आहेत," निमिया म्हणाली. "सोमवारी तुमचं मंडळ काही ठरवण्याआधी कुणीतरी बघितलेल्या बऱ्या."

त्याने खोली उघडून दिली. टॅबना लिदुविनाने पक्ष्यांची नावं दिली होती. तेओदोलिनोचा तो उरुताऊ. द्रेस्लरने पडद्यावर बोट ठेवलं.

"बघा. गुरुवारी दुपारच्या झोपेच्या वेळी एकाच टॅबवर सिस्टिम टाकलीय. तुकानवर. आता तुकानवर सकाळीच टाकली होती, आणि जेवणाआधी तो टॅब घेऊन आमचा गास्पार शेतकऱ्यांच्या वसाहतीत गेला. शेतात पन्नास जणांनी त्याला पाहिलं. तुकान इथे नव्हताच. पुसला गेला तो उरुताऊ, आणि उरुताऊचं या नोंदीत नाव नाही. म्हणजे नोंद बदललीय. आणि नोंद बदलायचा पासवर्ड एकाच माणसाकडे आहे."

"पुसलेला टॅब कुठंय?"

द्रेस्लरने कपाटातून काढला. निमियाने तो चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात नाव आलं: तुकान.

"हाही खोटा," द्रेस्लर म्हणाला.

"गास्पारचा तुकान बरा आहे ना?"

"कसला बरा. गुरुवार दुपारपासून त्याचा सर्व्हरशी संबंधच तुटलाय. त्याचा काय संबंध?"

निमिया टेबलाकडे वळली. तिने खण बघितला. तिन्ही अ‍ॅडाप्टर टेबलावर काढून ठेवलेले होते, शुक्रवारी कुणीतरी आवरताना.

बाहेर आल्यावर देओलिंदाबाई म्हणाली, "तो विल्फ्रिदो. मुकादम. लिहून घे."

"का?"

"भट्टी त्याची. पाला वाळवतो तो. आणि माझ्या औषधाला गवताचं पाणी म्हणतो."

"दुसरं कारण वजनदार आहे," निमिया म्हणाली.

पेर्ला वजनकाट्याच्या खिडकीत होती. नखांना केशरी रंग, जिभेला धार.

"गुरुवारी दुपारी? इथेच. हंगामात मला कुठली झोप. ट्रकवाल्यांना विचारा, मी खिडकीतून पाच मिनिटं हलले असते तर त्यांनी भोंगे वाजवून गाव उठवलं असतं."

"सकाळी लिदुविनाशी भांडलीस म्हणे."

"मी नाही, ती. वापरलेला अ‍ॅडाप्टर तिच्याकडे न देता मी सरळ दुसऱ्या टॅबला लावला. एवढा गुन्हा. तो टॅब उघडला तर आधीच्याच टॅबचं नाव घेऊन बसलेला. सगळ्यांसमोर बोलली मला. पुन्हा सगळं करायला लावलं. आजी, तुमची नात देवाने पोलिसात घालायची, चुकून इथे घातली."

"माझ्या नातीला कुठे घालायचं ते देवाला कळतं," देओलिंदाबाई म्हणाली. "तुला वजनकाट्यावर घातलंय ना."

"सगळ्यांसमोर म्हणजे आतिलिओसमोरही?" निमियाने विचारलं.

"तो तेव्हा कुठे होता. तो दहा वाजता उगवला, टॅबवर टॅब करून गेला."

"तुकान कुणी केला?"

"मी. सुट्टीच्या आधीचा माझा शेवटचा. गास्पार दारात घाई करत होता, त्याच्या हातात दिला."

"आणि निळा दोरा खणात ठेवलास."

पेर्लाने रांगेतल्या ट्रककडे बघितलं. ट्रक हलत नव्हता.

"खण बंद झाला होता," ती शेवटी म्हणाली. "टेबलावरच राहिला, वायरला लावलेला. परत बोलणी खायची का मी? म्हटलं ठेवला."

भट्टीवर धूर इतका होता की विल्फ्रिदो आधी खोकल्यावरून कळला. तो लपवाछपवीच्या भानगडीत पडला नाही.

"मला विचारताय म्हणजे माझ्यावर संशय आहे. असू दे. आंब्याखाली तेरेरेला बसलो होतो. पहिला जग ठीक होता. दुसरा आला. बाई, काय घातलं होतंस त्यात? जनावर मरेल."

"कार्केहा," देओलिंदाबाई म्हणाली. "जनावराला घालत नाहीत, माणसाला घालतात. तुला का लागू पडला नाही ते कळलं."

"एक घोट घेतला, ग्रासियास म्हणालो, आभार मानले, आणि उठलो. ग्रासियास म्हटलं की पुढचा ग्वाम्पा येत नाही, तेवढी तरी सुटका. इथे येऊन भट्टी बघितली. एकटाच. कुणी पाहिलं नाही. आता बांधा दोरी."

"पोत्यांत जुना पाला कुणी भरला असेल?"

"मी हिरवा आत घेतो, वाळलेला बाहेर देतो. पुढे पोती कोण भरतं ते मला विचारू नका, मी पोती शिवत नाही."

देओलिंदाबाईने भाचीला कोपराने ढोसलं. कबूलच झाला की मेला, एकटा होता म्हणून. निमिया तोवर गोदामाच्या वाटेला लागली होती.

आतिलिओ फ्रेतेस पन्नाशीचा, हसतमुख, इस्त्रीचा शर्ट. त्याने देओलिंदाबाईसाठी स्टूल पुसून दिलं आणि पंखा तिच्याकडे वळवला. कुणीतरी रीतभात शिकवलेला माणूस भेटला म्हणून तिला बरं वाटलं.

"लिदुविनाचं ऐकून वाईट वाटलं," तो म्हणाला. "पोर हुशार आहे. दमली असेल, चुकून दुसराच टॅब घेतला असेल. साहेबांनी एवढं ताणायला नको होतं."

"तुम्ही दुपारी कुठे होतात?"

"आंब्याखाली. कांदिदो ओतत होता, आम्ही पीत होतो. घंटा होईपर्यंत. बाई, खोटं नाही सांगत, तुमच्या पुदिन्याच्या पाण्याने त्या दिवशी जीव राखला. पहिल्या घोटापासून शेवटच्यापर्यंत तोंड गार."

"निवडलेली पानं असतात," देओलिंदाबाई म्हणाली. "देठ मी घालत नाही."

"ते लगेच कळतं."

कांदिदो, म्हणजे पहारेकरी, नदीपलीकडे मुलीकडे गेला होता. सोमवारी येणार होता.

परतताना देओलिंदाबाई म्हणाली, "पाहिलंस? माणूस असावा तर असा. आणि तो विल्फ्रिदो—"

"मावशी, गुरुवारी तिसरा जग दिला होतास का?"

"दोनच. का?"

"सहज," निमिया म्हणाली आणि चालत राहिली. देओलिंदाबाईने तिला मनातल्या मनात बरंच ऐकवलं.

सोमवारी मंडळाच्या बैठकीआधी सगळे कंप्युटरच्या खोलीत जमले. द्रेस्लर, पेर्ला, विल्फ्रिदो, आतिलिओ, पहारेकरी कांदिदो आणि तेओदोलिनो. लिदुविना दाराशी उभी होती. देओलिंदाबाई खोलीतल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीवर बसली होती. ती तिने मागितली नव्हती, घेतली होती.

निमियाने खोक्यातून कोरा टॅब काढून द्रेस्लरच्या हातात दिला. मग निळ्या दोऱ्याचा अ‍ॅडाप्टर.

"लावा. वायर जोडा. बटण दाबून धरा. तुम्हीच करा, मी हात लावत नाही."

काम व्हायला वेळ लागला. शेवटी पडदा उजळला आणि कोपऱ्यात नाव आलं: तुकान.

"हा तिसरा तुकान," निमिया म्हणाली. "नोंदीतही आत्ता तुकानवर सिस्टिम पडल्याचं लिहिलं गेलं असेल. साहेब, नोंद खोटी कधी केलीत?"

द्रेस्लरने टॅब उलटा करून बघितला, जणू मागे काही लिहिलं असेल.

"सर्व्हर टॅबला ओळखतच नाही," निमिया म्हणाली. "तो ओळखतो अ‍ॅडाप्टरला. बाकीच्या जगात प्रत्येक मशीनला आपापलं भोक असतं, म्हणून चालतं. इथे अनेकांत एक. निळ्या दोऱ्याने शेवटचा केला तुकान. ती नोंद लिदुविनाने पुसली नाही, कारण अ‍ॅडाप्टर तिच्याकडे परत आलाच नाही. पेर्लाने तो टेबलावर सोडला होता. मग त्याला जो टॅब लावाल त्याचं नाव तुकान. उरुताऊ लावला, उरुताऊ तुकान झाला. आणि एका नावाचे दोन झाल्यावर शेतातला खरा तुकान सर्व्हरने झिडकारला. गास्पारचा संबंध त्याच दुपारी तुटला तो त्यामुळे."

"म्हणजे नोंद खरी आहे," द्रेस्लर सावकाश म्हणाला.

"सर्व्हरच्या समजुतीप्रमाणे. आणि ज्या नोंदीवर तुम्ही हिला गुन्हेगार ठरवलंत, तीच नोंद हिला सोडवते. लिदुविनाकडे खणाची किल्ली होती, आत दोन पुसलेले अ‍ॅडाप्टर होते, आणि पासवर्ड होता. तिने हे केलं असतं तर मागे एक ओळ राहिली नसती. ज्याने केलं त्याच्याकडे किल्ली नव्हती, पासवर्ड नव्हता, आणि न पुसता लावलं तर काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं."

पेर्ला म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"हो. त्याच सकाळी बोलणी खाल्ली होतीस. शिवाय ट्रकची रांग तुझी साक्षीदार आहे. आतिलिओ त्या बोलण्यांच्या वेळी आला नव्हता. विल्फ्रिदो तर खोलीत आलाच नव्हता."

"टॅब सरळ चोरला का नाही?" तेओदोलिनोने विचारलं.

"चोरला असता तर ओरड झाली असती. त्या दिवशी सगळेच टॅब पुसत होते. त्यात एक जास्त पुसला गेला, तर दमलेल्या पोरीची चूक. आतिलिओ, शनिवारी तुम्ही अगदी हेच म्हणालात."

आतिलिओ हसला. "सहानुभूती गुन्हा झाला का आता?"

"नाही. पण बटण कसं दाबून धरायचं ते विल्फ्रिदोला कुणी शिकवलं नव्हतं, तुम्हाला शिकवलं होतं. आणि फोटो होते पोत्यांचे. गेल्या वर्षीचा पाला वाळलेलाच असतो, तो भट्टीत जात नाही. तो गोदामातून पोत्यात जातो."

"मी आंब्याखाली होतो. घंटा होईपर्यंत."

"काय पीत होतात?"

"सांगितलं ना. पुदिना. बाईंना विचारा."

देओलिंदाबाई खुर्चीत पुढे सरकली. शनिवारी त्याच्या कौतुकाने ती एवढी फुलली होती की स्वतःच्या हाताने काय कुटलं ते तिला आठवलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, आणि तो तिने लगेच त्याच्यावर टाकला.

"पहिला जग पुदिन्याचा होता," ती म्हणाली. "दुसरा कार्केहाचा. असा कडू की या विल्फ्रिदोला अजून शिव्या सुचतायत. शेवटच्या घोटाला तोंड गार झालं कुणाचं?"

"कांदिदो," निमिया म्हणाली, "तू ओतत होतास."

म्हाताऱ्या पहारेकऱ्याने टोपी काढली. "आतिलिओने पहिल्याच जगात ग्रासियास म्हटलं. मग त्याला कशाला ओतू? परत आला तो घंटा झाल्यावर. साहेबांनी मला विचारलंच नाही."

आतिलिओने शर्टाची बाही नीट केली. बाही नीटच होती. मग तो म्हणाला, "पाला फेकून द्यायचा होता. नुसता पडून होता." आणि थांबला.

द्रेस्लरने त्याला केबिनमध्ये बसवून कांदिदोला दाराशी उभं केलं. तेओदोलिनो नवे फोटो काढायला गोदामात पळाला. पोती अजून थप्पीलाच होती. विल्फ्रिदो त्याच्याबरोबर गेला, पोती उघडायला, आणि जाताना देओलिंदाबाईकडे बघून टोपीला हात लावला. तिने मान एवढीशी हलवली. त्याहून जास्त त्याला मिळायचं नव्हतं.

मग द्रेस्लर परत आला. किल्ली त्याने लिदुविनासमोर धरली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आजपासून नेहमीसारखं ये. गैरसमज होतात. मशीनचाच घोळ होता, मला कळायला मार्ग नव्हता. बाई, तुम्हीही मनात ठेवू नका."

लिदुविनाने किल्ली घेतली आणि सर्व्हरकडे वळली. निळ्या दोऱ्याची नोंद अजून पुसायची होती. देओलिंदाबाई सावकाश उठली. द्रेस्लर तिच्यापेक्षा दीड हात उंच होता, तरी त्याने मान खाली घेतली.

"मार्ग होता, साहेब," ती म्हणाली. "या खोलीपासून आंब्यापर्यंतचा. म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारायचा होता, पोरीला एक पडदा दाखवायचा होता. तुम्ही दुष्ट नाही. दुष्ट माणूस निदान कष्ट घेतो, आतिलिओने घेतले. तुम्ही आळशी आहात. जी मान हाताशी आली ती धरलीत. नात कामाला येईल, तिला काम आवडतं. माफी मागायची असेल तर तिची मागा, तिला वाटलं तर ती देईल. माझ्याकडे येऊ नका. माझ्याकडे नाही."